डब्यातले डोळे

सर माणसांना नावाने हाक मारत नसत, आकड्याने मारत. समोरच्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ अडुसष्ट होते. त्यांच्या पत्नी अठ्ठावन्न. सरांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा मी बासष्ट. नव्या माणसाला हे वयाचे आकडे वाटत आणि अठ्ठावन्न बाईंना ते आवडत नसे. प्रत्यक्षात ते दोन बुबुळांमधलं अंतर होतं, मिलिमीटरमध्ये. सरांच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकची छोटी पट्टी असे. ओळख झाली की पहिल्या दहा वाक्यांत ते ती पट्टी समोरच्याच्या नाकावर धरत आणि म्हणत, "दूर पाहा. माझ्याकडं नाही, दूर."

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आत्याकडे इतका वेळ निरखून पाहिलं की तिचे दोन भाऊ उठून आले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मध्ये पडून प्रकरण मिटवलं. घरी येताना काकू म्हणाल्या, "लोकं बायांकडं पाहतात त्याची तरी काही रीत असते. तुम्ही मोजून राहिले होते." सर म्हणाले, "चौसष्ट आहे तिचं. बाईमाणसात चौसष्ट कमी भेटते." काकूंनी स्वतःचे डोळे मात्र कधी मोजू दिले नाहीत. त्या गल्लीत एकट्या त्यांनाच आकडा नव्हता.

सर तंत्रनिकेतनात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत दिवाण, बुद्धाची तसबीर आणि लाकडी फळ्या होत्या, आणि फळ्यांवर डबे होते. डबा हा त्यांचा शब्द. डोळ्यांवर चढवायचं ते यंत्र: पुढच्या खाचेत मोबाइल फोन, मागे दोन भिंगं, मध्ये नाकासाठी खाच. फोनच्या पडद्यावर एकच दृश्य शेजारी शेजारी दोनदा दिसतं, दोन डोळे ते एक करतात आणि माणूस त्या दृश्याच्या आत जाऊन उभा राहतो. मान डावीकडे वळवली की दृश्यही डावीकडे वळतं. दुकानात असले डबे मिळत. सरांना ते पसंत नव्हते, कारण ते परदेशी नाकांसाठी बनवलेले होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

फळीवरच्या प्रत्येक डब्यात काहीतरी चुकलं होतं आणि काय चुकलं ते सर पाहुण्यांना आनंदाने सांगत. पहिला पुठ्ठ्याचा होता. घामाने त्याच्या कडा पोळीसारख्या मऊ झाल्या. दुसरा प्लायवुडचा. तो मजबूत होता, पण डोक्यावर चढवला की मान खाली जाई. तोल साधायला सरांनी मागच्या पट्ट्याला तांदळाची पुरचुंडी बांधली. काकूंना तांदूळ कमी झाल्याचं दोन दिवसांनी कळलं. तिसऱ्याला कपाळाशी स्पंज होता तो रबरी चपलेचा, आणि चप्पल नवी नव्हती. सरांचं तत्त्व एकच होतं. ते म्हणत, "चित्र सगळेच चांगलं करतात. डब्याचा कस नाकावर लागते."

फोन विकत घ्यायचा झाला तर गल्लीतले लोक सरांना दुकानात सोबत नेत आणि नंतर पस्तावत. स्वस्तातल्या पुष्कळ फोनांमध्ये मान वळल्याचं ओळखणारा भाग नसतो. असा फोन डब्यात घातला की माणूस कितीही वळला तरी दृश्य जागचं हलत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. म्हणून सर काउंटरवरचा प्रत्येक फोन डोळ्यांसमोर धरून दुकानाच्या मधोमध स्वतःभोवती फिरत. जरीपटक्यातला एक दुकानदार त्यांना म्हणाला होता, "सर, फोन लेना है कि गरबा खेलना है?" सर फिरत फिरतच म्हणाले, "हा घुमत नाही. दुसरा दाखव."

नागपूरचा उन्हाळा हा त्यांचा खरा वैरी होता. बंद डब्यात फोन तापतो, आणि एका मर्यादेपलीकडे तापला की तो 'थंड होऊ द्या' अशी सूचना देऊन स्वतःच बंद पडतो. मार्च संपला की सरांचे डबे फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी राहत. मग भिंगांवर दव धरे. एका वर्षी त्यांनी कूलरमधल्या वाळ्याची पातळ गादी करून फोनच्या पाठीला ओली लावली. डब्याला सुगंध छान आला. फोन मात्र दुरुस्तीला गेला.

हा सगळा उद्योग कशासाठी, असं त्यांना कोणी विचारलं तर ते चकित होत. मोठ्या कंपन्यांनी फोनचे डबे बनवणं सोडून दिलं होतं. आता आतच पडदा असलेली महागडी यंत्रं आली होती. सरांचा एक जुना विद्यार्थी बिल्डरांसाठी न बांधलेल्या फ्लॅटची अशी फिरती दृश्यं संगणकावर तयार करत असे. त्याने हे सरांना समजावून सांगितलं. "सर, धंदा संपला याचा." सर म्हणाले, "धंदा संपला असन. फोन तर सगळ्यांच्या खिशात आहेच ना गा?"

नवा डबा तयार झाला की रविवारी सकाळी गल्लीला बोलावणं जाई. काकू तर्री-पोहे करत. एकेक जण खुर्चीवर बसून डबा चढवी. सर विचारत, "दिसून राहिलं का?" उत्तर येई, "हो सर, मस्त." पुढचा बसे. "मस्त." अडुसष्ट तर डबा उतरवण्याआधीच "मस्त" म्हणत. वर्षानुवर्षं हाच शब्द ऐकून सर समाधानाने डबा फळीवर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यातला दोष शोधून काढत. लोकांना तो कसा दिसला नाही, याचं त्यांना नवल वाटे.

त्यांची भाची खापरखेड्याच्या वीज केंद्रात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागली, तेव्हा हा शब्द पहिल्यांदा महाग पडला.

ती तिथल्याच वसाहतीजवळ वाढलेली. तिचे वडील त्याच केंद्रात ठेकेदाराकडे कोळसा उतरवण्याच्या कामावर होते; बॉयलरच्या वरच्या मजल्यांवर जायचा त्यांना कधी प्रसंग आला नव्हता. मुलीला तिथेच काम हवं होतं. शाळेत असल्यापासून ती तेच सांगत आली होती. बॉयलरभोवतीचे मजले लोखंडी जाळीचे असतात. पायाखाली फरशी नसते. जाळीतून खालचा मजला दिसतो, त्याच्या जाळीतून त्याच्या खालचा, आणि तसं थेट जमिनीपर्यंत. पहिल्या आठवड्यात ती दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून खाली बसली आणि तिला उठता येईना. सोबतच्या दोघांनी तिला हाताला धरून खाली आणलं. वरिष्ठ रागावले नाहीत. प्रशिक्षण संपेपर्यंत सगळ्या मजल्यांची फेरी एकटीने करता आली तर बॉयलरवर, नाहीतर कार्यालयात टेबलाचं काम, एवढंच त्यांनी सांगितलं. टेबलाचं काम वाईट नव्हतं. तिला ते नको होतं.

रविवारी ती मामाकडे आली. "जय भीम मामा" म्हणून दारातच बसली आणि जे झालं ते सांगितलं.

"काहून घाबरते वं? जाळी मजबूत असते," सर म्हणाले.

"मले माहीत आहे मामा. पायाले माहीत नाही ना."

सर उठून तिच्यासमोर येऊन बसले. मग खिशातून पट्टी काढली. "दूर पाहा," ते म्हणाले.

भाची एकोणसाठ निघाली. पुढचा डबा सरांनी फक्त तिच्यासाठी केला. भिंगं तिच्या मापाची, खाच तिच्या नाकाची. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून कडांना काळं मखमली कापड लावलं. आधीच्या कुठल्याही डब्यात इतका गडद अंधार नव्हता. डबा घट्ट बसावा म्हणून दप्तराचे दोन रुंद पट्टे होते. विद्यार्थ्याने फ्लॅट बाजूला ठेवून, भाची सांगेल तसे जाळीचे मजले, कठडे आणि पाइप संगणकावर उभे केले. त्यात चालता येत नव्हतं, पण उभं राहून चारी दिशांना आणि पायाखाली पाहता येत होतं, आणि एकामागून एक मजला वर जाता येत होतं. दर रविवारी एक-दोन मजले चढायचे, डोळ्यांना सवय झाली की पायांना होईल, अशी सरांची योजना होती.

योजना उत्तम चालली. भाची खुर्चीमागे उभी राही, हात खुर्चीच्या पाठीवर. सर विचारत, "पहिला मजला. दिसून राहिलं का?"

"हो मामा."

"खाली पाहा. जाळीतून जमीन?"

"दिसते."

"चक्कर?"

"नाही. मस्त आहे."

तीन रविवारांत ती पाचव्या मजल्यावर पोचली. केंद्रात मात्र ती अजून पहिल्याच मजल्यावर होती. सरांना हे कोडं सुटेना. ते भिंगांचं अंतर पुन्हा तपासत. जाळीच्या चौकटी खऱ्यापेक्षा लहान काढल्या का, म्हणून विद्यार्थ्याला फोन करत.

मे महिन्यातल्या एका रविवारी काकू खाली बसून सांबार निवडत होत्या, म्हणजे कोथिंबीर. भाची डबा चढवून उभी होती. सर सहाव्या मजल्याचं विचारत होते.

"दिसून राहिलं का?"

"हो मामा."

"उजवीकडं पाइप?"

"हो, मोठा आहे."

"खाली?"

"खाली पूर्ण दिसते. मस्त."

सवयीने सरांनी फोनच्या पाठीवरच्या झडपेला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. त्यांनी ती झडप उघडून फोन बाहेर काढला. फोन तापून केव्हाच बंद पडला होता. पडदा काळा होता.

भाचीला झडप उघडल्याचं कळलं नव्हतं. ती म्हणाली, "सातव्यावर जायचं का मामा?"

सरांनी मागचे पट्टे सोडले आणि डबा उतरवला. भाचीचे डोळे मिटलेले होते. उजेड लागला तसे तिने ते आणखी घट्ट मिटले, मग उघडले. सरांच्या हातातला काळा फोन तिने पाहिला आणि तिला रडू फुटलं.

"पहिल्या दिवसापासून?" सरांनी विचारलं.

तिने मान हलवली. "एकदा पाहिलं होतं मामा. खाली पाहिलं आणि खुर्ची घट्ट धरली. मग मिटूनच घेतले. डब्यात कोणाले दिसते?"

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही एवढं करून राहिले. मखमल लावली. कसं सांगू?"

सर मखमलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. बोलल्या काकू. सांबाराची काडी मोडत त्या म्हणाल्या, "तिलेच काहून बोलता? इतके वर्षं सगळी गल्ली पोहे खाऊन जाते. पोहे खाल्ल्यावर आपल्याकडं कोणी 'नाही दिसत' म्हणते का?"

त्या संध्याकाळी सर गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले. कोणाच्याही घरी त्यांनी चहा घेतला नाही. चहा घेतला तर खरं कळणार नाही, असं ते उंबऱ्यातच सांगत. अडुसष्ट आधी म्हणाले, "छान असतात सर तुमचे डबे." सर तिथून हलले नाहीत. मग अडुसष्ट म्हणाले, "मले खरं म्हणजे दोन-दोन दिसतात. पहिल्यापासूनच." त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "प्लायवुडच्या वेळेस यांनी घरी येऊन उलटी केली होती. मीच म्हटलं, सांगू नका, सरांना वाईट वाटन." एकाला चपलेच्या स्पंजाचा वास सहन झाला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी, डब्याच्या खाचेने नाकाचं हाड दुखतं, हे सांगितलं. सर प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत होते. अपमान झाल्यासारखे ते दिसत नव्हते. दवाखान्यातून खरा रिपोर्ट एकदाचा हातात पडावा, तसे दिसत होते. गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत त्यांची चाल भरभर झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून करवतीचा आवाज आला. खाली जाऊन पाहिलं तर सर मखमली डब्याचा तळ कापत होते.

तो पूर्ण तळ त्यांनी काढून टाकला, नाकापासून गालांच्या कडेपर्यंत. वर्षानुवर्षं ज्या फटींतून येणाऱ्या उजेडाशी त्यांनी भांडण केलं होतं, तिथे आता फट नव्हती, दरवाजा होता. दप्तराचे पट्टे काढले. खाली बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटची मूठ बसवली. डबा आता डोक्याला बांधायचा नव्हता. हातात धरून डोळ्यांना लावायचा होता, आरशासारखा. फोनच्या मागची झडपही गेली, त्यामुळे त्याला हवा लागू लागली.

विद्यार्थी आला तेव्हा त्याला हे पाहवलं नाही. "सर, खालून उजेड येतो. घरातली फरशी दिसते. मग तिले खरं कसं वाटन?"

सर म्हणाले, "अरे, तिले खरं वाटतेच. तोच तर त्रास आहे. ते खोटं आहे, हे तिले दिसत राहिलं पाहिजे."

"पण मग हा डबा राहिला का सर?"

"नसला तर नसला."

पुढच्या रविवारी भाची आली. सरांनी तिच्या हातात मूठ दिली आणि स्वतः समोर स्टुलावर, तिच्या चेहऱ्याच्या खाली बसले. तिथून त्यांना तिचे डोळे दिसत होते. त्यांनी "दिसून राहिलं का" विचारलं नाही.

तिने डबा लावला. डोळे उघडे होते. दोन क्षणांत तिने तो खाली घेतला.

"नाही होत मामा."

"बरं."

तिने पुन्हा लावला. या वेळी ती मधूनच डोळे खाली वळवत होती, उघड्या तळातून घराच्या फरशीकडे, स्वतःच्या पायांकडे. मग पुन्हा जाळी. पुन्हा पाय. तिच्या कपाळावर घाम आला. "थांबा ना बावा मामा!" ती ओरडली.

"मी कुठं काही करून राहिलो?" सर म्हणाले. "मूठ तुझ्या हातात आहे वं."

ती हसली. डबा डोळ्यांवर असतानाच हसली. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या.

त्या दिवशी ती पहिल्या मजल्याच्या पुढे गेली नाही. त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्यावर गेली आणि परत पहिल्यावर आली. एकदा पूर्ण दुपार तिने डबा हातातही घेतला नाही. काकूंबरोबर पापड लाटत बसली आणि सर पेपर वाचत असल्याचं सोंग करत राहिले. एकदा ती रागावून म्हणाली, "हे खेळणं आहे मामा. तिकडं मूठ नसते." सर म्हणाले, "कठडा असते ना?" तिने त्यावर विचार केला. नंतर तिने सांगितलं की केंद्रात तिला एक युक्ती सापडली होती: जाळीकडे पाहायचं, मग आपल्या बुटांकडे, मग पुन्हा जाळीकडे. बूट जाळीवर होते. ते पडत नव्हते. पायांना हळूहळू ते पटत होतं.

पावसाळा ओसरला होता. प्रशिक्षण संपत आलं होतं. फेरीचा दिवस एका बुधवारी होता, हे सरांना ठाऊक होतं. त्या दिवशी भाचीचा फोन आला नाही. सरांनीही केला नाही. काकू म्हणाल्या, "करा ना फोन." सर म्हणाले, "नाही. तिले सांगायचं असन तर सांगन." गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शनिवारी सर दोनदा वर आले आणि माझ्या खिडकीतून रस्ता पाहून खाली गेले. फळीवरच्या डब्यांवरची धूळ त्यांनी पुसली. ती त्यांनी एरवी कधी पुसली नव्हती.

रविवारी ती आली. स्कूटी लावली, आत आली, जय भीम म्हणाली, हातपाय धुतले. काकूंनी पानं वाढली, मलाही बसवलं. भाचीने भाकरी मोडली, भाजीशी लावली, खाल्ली. सरांनी वरण घेतलं आणि ते ताटात तसंच राहू दिलं.

तिसऱ्या घासानंतर ती म्हणाली, "झाली फेरी."

"सगळी?" काकूंनी विचारलं.

"सगळी. पाचव्यावर थांबली जराशी. बसली नाही. उभ्यानंच थांबली. खाली पाहिलं, कठडा धरला, बूट पाहिले. मग वर गेली." ती पाणी प्यायली. "एकदम वरून कन्हान नदी दिसते मामी. बाबा जिथं कोळसा उतरवत होते ते शेडही दिसते. लई लहान दिसते."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सर ताटाकडे पाहत होते. ते म्हणाले, "जाळी कशी होती?"

"तशीच. तुमच्या डब्यातल्यासारखीच."

"चौकटी?"

"बरोबर होत्या."

सरांनी मान हलवली आणि पहिला घास घेतला. भाची म्हणाली, "माझ्यासोबतची एक पोरगी आहे मामा. ते अजून तिसऱ्यावरच थांबते. पुढच्या रविवारी तिले घेऊन येऊ का?"

"आण."

"पण एक गोष्ट नव्हती तुमच्या डब्यात."

सरांचा हात थांबला.

"वारा," ती म्हणाली. "वर लई वारा आहे. पँट फडफडते, कानात आवाज येते. जाळीचं काही नाही वाटलं मले, वाऱ्याचंच वाटलं. ते कोणी सांगितलंच नव्हतं."

काकूंनी भाचीला डोळ्यांनी गप्प केलं. निदान आजच्या दिवशी तरी. पण सर ताटावरून उठले होते. हात धुवायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"कोणत्या बाजूनं?" त्यांनी विचारलं.